हिमोफिलियाचा हिशेब अर्ध्या वहीत मांडू नका

दरवर्षी १७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिनाच्या बातम्या येतात आणि तोच वाद नव्याने सुरू होतो. एक गट म्हणतो, माणसाच्या जिवाचे मोल पैशात करणे हेच पाप. सरकारने लागेल ते औषध, लागेल तितके द्यावे. दुसरा म्हणतो, भावनेच्या भरात बोलू नका. एका मुलाच्या फॅक्टरवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या इंजेक्शनांवर, जाणाऱ्या पैशात गावभरच्या बाळांचे लसीकरण होईल. अलीकडे त्यात ३० कोटींच्या जनुकीय उपचाराची भर पडली आहे, त्यामुळे दोन्हीकडचा आवाज आणखी चढला. दोन्ही गटांनी एक गोष्ट मनाशी धरून ठेवली आहे, की उपचाराचे आर्थिक मूल्यमापन म्हणजे रुग्णाला 'नाही' म्हणण्याची सभ्य रीत. पहिल्या गटाला ते त्यासाठीच नको आहे आणि दुसऱ्याला त्यासाठीच हवे आहे. माझे म्हणणे उलटे आहे. हिमोफिलियाच्या बाबतीत नीट मांडलेला हिशेब लहान मुलांना नियमित प्रतिबंधक उपचार आजच सुरू करा असे सांगतो, आणि ३० कोटींचे औषध या किमतीला घेऊ नका असेही सांगतो. आपल्याकडे आज हिशेब म्हणून जे पुढे केले जाते, ते नुसते औषधाचे बिल असते.

आजाराविषयी थोडक्यात. रक्त गोठवणाऱ्या साखळीतला आठवा घटक (हिमोफिलिया ए) किंवा नववा घटक (हिमोफिलिया बी) जन्मतःच कमी असतो. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुतेक मुलग्यांच्या वाट्याला येतो, आणि 'तुझ्याकडून आला' हे ऐकून घेणे आईच्या. कापले की रक्त थांबत नाही एवढेच बाहेरच्यांना माहीत असते, पण खरा छळ आत चालतो. काही लागलेले नसताना गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरते. सांधा फुगतो, तापतो, वाकेनासा होतो. रुग्णांच्या घरी याला नुसते 'ब्लीड आले' म्हणतात. त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरले की त्यातले लोह अस्तरात साचते, सुजलेले अस्तर आणखी सहज रक्त सोडते, कूर्चा झिजते आणि ऐन विशीत पाय आखडून बसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दर लाख मुलग्यांच्या जन्मामागे सुमारे २५ जणांना हिमोफिलिया ए आणि ५ जणांना बी असतो. त्या मानाने भारतात लाखाच्या वर रुग्ण असायला हवेत. नोंद निम्म्यांचीही नाही.

आता 'जिवाची किंमत करू नका' या म्हणण्याकडे येऊ. किंमत न करणे हा पर्याय खरोखर उपलब्ध आहे का? जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात फॅक्टरच्या ५०० युनिटच्या चार व्हायल (कुप्या) उरल्या आहेत. बाहेर बाकावर गुडघा सुजलेला बारा वर्षांचा मुलगा आहे आणि पोटात रक्तस्राव झालेला तिशीतला गडी आत येतोय. पुढचा साठा निविदेत अडकलेला. ड्युटीवरचा डॉक्टर मुलाला बर्फ आणि क्रेप बँडेज देतो, 'परवा फोन करून या' म्हणतो. त्याने त्या क्षणी दोन जिवांचे तोलमाप केले, आणि ते करण्यावाचून त्याला गत्यंतरही नव्हते. फरक इतकाच की या तोलमापाची नोंद कुठेही होत नाही, त्यावर अपील होत नाही आणि विधानसभेत प्रश्नही विचारता येत नाही. १९६२ च्या सुमारास अमेरिकेतल्या सिएटल शहरात डायलिसिसची यंत्रे मोजकी होती, तेव्हा कोणाला उपचार मिळावा हे ठरवायला सात जणांची समिती होती. उमेदवाराचे उत्पन्न, लग्न, चर्चमधली हजेरी असल्या गोष्टी ती विचारात घेई. बातमी फुटली तेव्हा लोक हादरले. अखेर १९७२ मध्ये कायदा होऊन सरकारने डायलिसिसचा खर्च उचलला. त्या समितीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ती होती म्हणून तिच्याविरुद्ध बोंब तरी मारता आली. आपल्या औषध भांडारातल्या समितीविरुद्ध कोण आणि कुठे बोंब मारणार?

दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक वजनदार आहे आणि ते तसेच मांडायला हवे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावर सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. एवढ्या आखूड चादरीत कुणाचे तरी पाय उघडे राहणारच. ज्या नवजात बाळाचा मृत्यू काही शे रुपयांच्या उपचाराने टळला असता, ते कोणत्याही मोर्चात येत नाही, त्याचा फोटो फिरत नाही. संघटना असलेल्या रुग्णाने संघटना नसलेल्याचा घास घ्यावा का, हा प्रश्न निर्दय वाटला तरी नैतिक आहे. म्हणूनच एका रुपयात किती आरोग्य मिळते, हे विचारायलाच हवे. माझी तक्रार त्या प्रश्नावर नाही. विचारणारा उत्तर न मोजताच निघून जातो, यावर आहे. 'हिमोफिलिया महाग' हे वाक्य बोलताना कशाच्या तुलनेत, कोणत्या उपचाराच्या, कोणत्या किमतीला आणि कोणाच्या खिशातून, यातले काहीच सांगितले जात नाही.

तेव्हा आकडेच मांडू. हे माझे ढोबळ गणित आहे, कागद-पेन्सिल घेऊन कोणीही तपासावे. २० किलो वजनाचा, तीव्र हिमोफिलिया ए असलेला सहा-सात वर्षांचा मुलगा घ्या. आजची बहुतेक ठिकाणची पद्धत अशी की ब्लीड आले की या, मग फॅक्टर मिळेल. महिन्याला दोन-तीन, म्हणजे वर्षाला तीसेक ब्लीड धरले आणि प्रत्येकाला ५०० युनिटचे दोन डोस दिले, तर वर्षाला ३०,००० युनिट लागतात. आता दुसरी पद्धत: ब्लीड येण्याची वाट न पाहता आठवड्यातून दोनदा २५० युनिट. याला कमी मात्रेचे प्रोफिलॅक्सिस म्हणतात. वर्षाचे २६,००० युनिट झाले. एवढ्याने सगळी ब्लीड थांबत नाहीत. दहा उरली असे धरू, त्यांचे आणखी १०,०००. एकूण ३६,०००. म्हणजे ६,००० युनिट जास्त देऊन वीस ब्लीड टळली, एका ब्लीडमागे ३०० युनिट. २५० ची एक व्हायल आणि वर थोडेसे. एवढ्यात एकदा सांधा वाचतो, एकदा बर्फाचा शेक आणि आठवडाभराची शाळा वाचते. आता तिसरी पद्धत घ्या, श्रीमंत देशांतली: किलोमागे २५ युनिट, आठवड्यातून तीनदा. वर्षाला ७८,००० युनिट, उरलेल्या तीन ब्लीडचे ३,००० धरून ८१,०००. दुसऱ्या पद्धतीपेक्षा ४५,००० युनिट जास्त आणि टळली फक्त आणखी सात ब्लीड. इथे एक ब्लीड टाळायला सहा हजारांहून जास्त युनिट पडली.

आरोग्य-अर्थशास्त्राची सगळी करामत या दोन पायऱ्यांत आहे. एकूण खर्च किती यापेक्षा पुढची पायरी चढायला किती जास्त लागते आणि त्या जादा पैशात किती जादा पदरात पडते, हे बघायचे. पहिली पायरी इतकी स्वस्त आहे की ती न चढणे हाच अपव्यय ठरतो. दुसरी महाग आहे, आणि तिथे थांबून विचार करण्यात कुणाचा अपमान नाही. स्वीडनने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. माल्मोमध्ये इंगा मारी निल्सन यांनी १९५८ पासून मुलांना नियमित फॅक्टर द्यायला सुरुवात केली. स्वीडिश पद्धत पुढे जास्त मात्रेची होत गेली, तर नेदरलँड्सने मध्यम मात्रा पसंत केली. दोन्ही देशांतल्या मोठ्या झालेल्या रुग्णांची तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वीडिश रुग्णांचे सांधे थोडे चांगले होते आणि ब्लीडही कमी, पण खर्च सुमारे दोन-तृतीयांशाने जास्त. आपल्या वादातला कोणताही गट मात्रेबद्दल असे बोलताना मी ऐकलेला नाही. एकाला 'जगात जे सर्वोत्तम ते' हवे असते, आणि दुसरा त्या सर्वोत्तमाची किंमत दाखवून सगळेच नाकारतो. मधली स्वस्त पायरी दोघांच्याही नजरेतून सुटते, आणि मूल मात्र 'ब्लीड आले की या' वरच अडकून राहते. बैल गेला अन् झोपा केला, ही आपली हिमोफिलियाविषयीची अघोषित आरोग्यनीती आहे.

प्रतिबंधक उपचाराचा फायदा आता वादाचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेत अडीच वर्षांखालच्या ६५ मुलांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहाव्या वर्षी एमआरआय केला तेव्हा नियमित फॅक्टर मिळालेल्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते. ब्लीड आल्यावरच उपचार मिळालेल्यांमध्ये ५५ टक्के. लक्षात घ्या, दुसऱ्या गटाला मिळालेला उपचारही तातडीचा आणि भरपूर होता, 'परवा फोन करून या' छापाचा नव्हे. तरी जवळपास निम्म्या मुलांचे सांधे सहाव्या वर्षीच बिघडलेले. अर्थात त्या अभ्यासातल्या प्रतिबंधक गटाला फॅक्टरही कितीतरी जास्त लागले, हेही सांगायला हवे. अमेरिकी मात्रेचा तो हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा आणून चालणार नाही. कमी मात्रेने सांधा पूर्ण वाचतो असेही नाही, पंधरा-वीस वर्षांत तोही काही प्रमाणात झिजतो. पण तुलना करायची ती आपल्याकडे आज जे होते त्याच्याशी. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रोफिलॅक्सिस हाच योग्य उपचार म्हटले, ब्लीड आल्यावर उपचार ही दीर्घकालीन पद्धत मानू नये असे म्हटले, आणि पैसे कमी असतील तिथे कमी मात्रेने सुरुवात करा हेही म्हटले.

आता खिशाचा प्रश्न. सरकारी तक्त्यात औषध, खाट आणि डॉक्टर येतात. महाराष्ट्रात हिमोफिलियाच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, म्हणजे फॅक्टरपर्यंत पोचायलाही खर्च येतो हे सरकारला कळलेले आहे. पण मुलाला कडेवर घेऊन जाणाऱ्या आईचा बुडालेला रोज कोणत्या रकान्यात आहे? वर्षाला तीस ब्लीड म्हणजे प्रत्येकी दोन फेऱ्या धरल्या तरी साठ दिवस. एवढ्या खाड्यांवर तिला कोणता मुकादम कामावर ठेवील? त्या मुलाची शाळा, मग कॉलेज, मग 'अंगात ताकद नाही' म्हणून नाकारलेली नोकरी, हे कुठे धरायचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, ते चांगलेच झाले. पण आरोग्य खात्याने वाचवलेली व्हायल वीस वर्षांनी समाजकल्याण खात्याच्या दारात दिव्यांग प्रमाणपत्र मागत उभी राहते, आणि दोन खात्यांची वही वेगळी असल्यामुळे पहिल्या खात्याला ती बचतच वाटते. मूल्यमापन समाजाच्या बाजूने करा असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक अहवाल औषध विकत घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले जातात.

आणखी एक छुपा पेच आहे आणि तो सहसा तळटीपेत दडपला जातो. भविष्यातला फायदा आजच्या पैशात आणताना दरवर्षी काही टक्के कापायचे, असा नियम आहे. ३ टक्के हा प्रचलित दर. चार वर्षांच्या मुलाचा वाचवलेला गुडघा चाळिसाव्या वर्षी जो रुपयाचा फायदा देईल, तो या नियमाने आज साधारण ३४ पैशांचा उरतो. औषधाचा खर्च मात्र आजचा, पूर्ण रुपयाने मोजलेला. लहानपणी खर्च आणि म्हातारपणापर्यंत फायदा, अशा प्रत्येक उपचारावर हा नियम आपसूक अन्याय करतो. तरीही पहिली पायरी या चाळणीतून सुटते, कारण सांध्याचा फायदा चाळिशीपर्यंत थांबत नाही. तो पुढच्याच वर्षी, शाळेच्या हजेरीपटावर दिसू लागतो.

मूल्यमापनाच्या विरोधकांचा सर्वांत ताकदीचा मुद्दा मात्र वेगळा आहे: ही मोजपट्टीच दिव्यांगांच्या विरुद्ध वाकलेली आहे. आयुष्याचे प्रत्येक वर्ष त्याच्या गुणवत्तेने गुणायचे, म्हणजे ज्याला 'क्वॉली' म्हणतात ते. मग लंगडणाऱ्या माणसाचे वर्ष धडधाकट माणसाच्या वर्षापेक्षा कमी भरते, आणि त्याचा जीव वाचवणे कमी 'किफायती' ठरते. हा आक्षेप खरा आहे. हिमोफिलियात त्याला आणखी एक पीळ आहे. ज्याने जन्मापासून सरळ गुडघा पाहिलाच नाही, त्याला 'कसे आहात' विचारले तर तो 'बरे आहे' म्हणतो. मग प्रश्नावलीत त्याचा त्रास कमी भरतो आणि उपचाराचा फायदाही. सोसायची सवय झाली म्हणून उपचार नाकारण्याइतके उफराटे गणित दुसरे नसेल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९९० मध्ये गरिबांच्या आरोग्य योजनेसाठी उपचारांची खर्च-फायद्यानुसार यादी केली, तेव्हा दातावर टोपी बसवणे अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर गेले. स्वस्त उपचाराचा छोटा फायदा महाग उपचाराच्या मोठ्या फायद्यावर मात करून गेला. यादी उघड असल्यामुळे लगेच हसे झाले, ती मागे घ्यावी लागली, निकष बदलावे लागले. ओरेगॉनचा दाखला आर्थिक मूल्यमापनाच्या विरोधात नेहमी देतात. मला तो उलट बाजूने पटतो: चुकीचे गणित फळ्यावर होते म्हणून पुसता आले.

आणि अर्थशास्त्राने हिमोफिलियावाल्यांचे जीव घेतले, हा आरोप? त्याला फ्रान्सचा इतिहास आहे. १९८५ मध्ये उष्णतेने निर्जंतुक केलेले फॅक्टर मिळू लागले होते, तरी राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राने जुना, एचआयव्हीचा धोका असलेला साठा संपेपर्यंत वापरात ठेवला. साठा फेकला तर नुकसान मोठे, असा विचार त्यात होता. केंद्राच्या प्रमुखाला पुढे १९९२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये रक्तस्रावाचे आजार असलेल्या सुमारे १,२५० जणांना दूषित रक्तघटकांतून एचआयव्हीची लागण झाली, त्यांत ३८० मुले होती. तिथल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०२४ च्या मे महिन्यात आला आणि सरकारला भरपाईसाठी ११.८ अब्ज पौंड बाजूला काढावे लागले. याला पैशाने घेतलेले बळी म्हणता येईल, आणि तसे म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पण पॅरिसमध्ये तो निर्णय झाला तेव्हा साठ्याची किंमत मोजली गेली आणि ज्यांच्या शिरेत तो साठा जाणार त्यांच्या आयुष्याला शून्य भाव लावला गेला. त्या माणसांना वहीत पान असते, तर साठा फेकण्याचा निर्णय पाच मिनिटांत झाला असता.

आता ३० कोटी. हेमजेनिक्स या जनुकीय उपचाराला अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली, किंमत ३५ लाख डॉलर. तो फक्त हिमोफिलिया बी साठी, आणि फक्त प्रौढांसाठी. म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या त्या बारा वर्षांच्या मुलाशी याचा काही संबंधच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. हिमोफिलिया ए साठीचे रॉक्टेव्हियन २९ लाख डॉलरचे. त्याने वाढवलेली घटकाची पातळी काही वर्षांत उतरू लागते असे दिसले आहे. या किमती आल्या कुठून? अमेरिकेत नियमित फॅक्टरवर माणशी वर्षाला लाखो डॉलर जातात. हे एकदाच दिले की तो खर्च वाचतो. मग वाचणाऱ्या खर्चाचा मोठा हिस्सा आम्हाला द्या, असे त्यामागचे तर्कशास्त्र. म्हणजे आधीच फुगलेल्या किमतीवर दुसरी फुगलेली किंमत उभी. आपल्याकडे ज्याला फॅक्टरच मिळत नाही त्याच्या बाबतीत वाचणार काय? कोणता उपचार सरकारी खर्चाने द्यावा हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२४ मध्ये हेमजेनिक्स स्वीकारले, पण गुपचूप ठरवलेल्या सवलतीत आणि गुण आला तर पैसे या अटीवर. बाजाराने स्वतःच काय केले तेही पाहा. फायझरने २०२४ मध्ये मंजुरी मिळालेला आपला हिमोफिलिया बी चा जनुकीय उपचार २०२५ मध्ये मागणीअभावी बंद केला. रॉक्टेव्हियनच्या कंपनीनेही ते आधी तीनच देशांपुरते आवरले आणि नंतर विकायला काढले. इतक्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी पाठ फिरवलेल्या मालासाठी आपण वर्गणी का काढतो आहोत?

याचा अर्थ जनुकीय उपचार आपल्यासाठी नाहीतच असा नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर मूळ पेशींमार्फत असा उपचार झाला; त्याचा अहवाल २०२४ च्या अखेरीस आला आणि उपचार रुजल्यानंतर पाचांपैकी कोणालाही रक्तस्राव झालेला नाही. पाच हा आकडा लहान आहे आणि त्यासाठी द्यावी लागणारी केमोथेरपी साधी नाही. पण किंमत ही निसर्गाने ठरवून दिलेली गोष्ट नाही, एवढे सिद्ध व्हायला तो पुरेसा आहे. हा धडा मुंबईनेच जगाला एकदा दिला आहे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून ठेवला; तोवर तो १० ते १५ हजार डॉलर होता. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक विश्लेषण आले: आफ्रिकेत एड्सचा उपचार करण्यापेक्षा प्रतिबंधावर पैसे घालणे २८ पट किफायतशीर. गणितात चूक नव्हती. फक्त किंमत उतरत चालली होती आणि दहा वर्षांनी कोट्यवधी लोक त्याच औषधांवर जगत होते. 'परवडत नाही' या उत्तरानंतर 'मग कोणत्या भावाला परवडेल' असा प्रश्न आलाच पाहिजे. जिथे तो येत नाही, तिथे मूल्यमापन विकणाऱ्याच्या खिशात जाऊन बसते.

हाच प्रश्न एमिसिझुमॅबला लावावा लागेल. हे औषध फॅक्टर नाही. ते आठव्या घटकाचे काम करते, शिरेत नव्हे तर कातडीखाली टोचतात, आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा. २०१८ च्या एका अभ्यासात ज्यांना आधी काहीच नियमित उपचार नव्हता त्यांची ब्लीड ९५ टक्क्यांहून अधिक घटली. ज्यांच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध इनहिबिटर (त्याला निकामी करणारी प्रतिद्रव्ये) तयार होतात, त्यांचे पर्यायी औषध इतके महाग की अमेरिकी विश्लेषणात एमिसिझुमॅबने पैसे वाचवले. चार वर्षांच्या मुलाची शीर सापडत नाही म्हणून तीनदा टोचणाऱ्या नर्सला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या आईला या औषधाचे मोल वेगळे सांगायला नको. केरळने २०२४ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना ते मोफत द्यायचे ठरवले. मी त्याचे स्वागत करतो, पण प्रत्येक राज्याने एकट्याने जाऊन एकाच कंपनीशी भाव ठरवणे म्हणजे गिऱ्हाइकाने आधीच हार मानणे. आयर्लंडमध्ये दूषित रक्ताच्या धक्क्यानंतर फॅक्टरची निवड करणाऱ्या मंडळात रुग्ण संघटनेला डॉक्टरांच्या आणि खरेदी अधिकाऱ्यांच्या बरोबरीने खुर्ची मिळाली. सुरक्षितता आणि भाव दोन्हींवर रुग्ण बोलतो. आपल्याकडे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा २०१७ पासून केंद्राकडे आहे, हिमोफिलियावर दशके काम केलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था मुंबईत परळला केईएमच्या आवारात आहे, आणि राज्यात जिल्हा पातळीवर डे केअर केंद्रे उभी राहिली आहेत. नाही ती एकत्र खरेदी, आणि अहवालाआधी रुग्णांना विचारण्याची पद्धत.

राहता राहिला घरी फॅक्टर देण्याचा प्रश्न, ज्यावर कमी मात्रेची सगळी योजना टिकणार किंवा बुडणार आहे. रुग्णाला व्हायल घरी न्यायला दिली तर तो विकेल, खराब करील, अशी भीती अधिकारी खाजगीत बोलून दाखवतात. थोडीफार गळती होईलही. शीतपेटी नसलेल्या घरात काही व्हायल वाया जातील. ती गळती दहा टक्के धरा, वाटल्यास वीस. आता दुसऱ्या बाजूला हे मांडा: आठवड्यातून दोन डोस केंद्रावरच घ्यायचे तर वर्षाला १०४ फेऱ्या, आज ब्लीडसाठी होतात त्याच्या जवळपास दुप्पट. दोन महिन्यांत आई येणे थांबवील, केंद्राच्या नोंदवहीत 'रुग्ण उपचारास अनियमित' असा शेरा पडेल आणि वर्षअखेरीस कोणीतरी अहवालात लिहील की कमी मात्रेचे प्रोफिलॅक्सिस आपल्या परिस्थितीत परिणामकारक आढळले नाही.